मुंबईत शिकायला आलात आणि नाटक, चित्रं, गाणं बघायचंय? वसतिगृहात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सेलूची, जिल्हा परभणी. संख्याशास्त्र शिकते, तिसरं वर्ष. कॉलेज चर्चगेटला, वसतिगृह परळला. दर जुलैत नव्या मुली येतात आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत कुणी ना कुणी जेवणानंतर माझ्या दारात उभी राहते: "ताई, तू रविवारची कुठं कुठं जातेस गं?" तेच ते सांगून घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. मी चित्रं काढत नाही, गात नाही. कॉलेजच्या एकांकिकेत एकदा पडदा ओढलाय, तेवढाच माझा रंगमंचाशी संबंध. तेव्हा पुढचं सगळं प्रेक्षकाच्या खुर्चीतून आहे असं समजा.

सुरुवात कुठून करू?

काळा घोड्यापासून. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, त्याला लागून जहांगीर आर्ट गॅलरी, रस्त्यापलीकडे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (सगळे एनजीएमए म्हणतात), थोडं पुढे डेव्हिड ससून लायब्ररी, जहांगीरच्या मागच्या गल्लीत मॅक्स म्युलर भवन (जर्मन सांस्कृतिक केंद्र). एका ठिकाणी मन रमलं नाही तर पाच मिनिटांत दुसऱ्या दारात शिरता येतं.

पण टॅक्सीनं जाऊ नका. चर्चगेटला उतरा आणि ओव्हल मैदान मधल्या वाटेनं चालत ओलांडा. समोर उच्च न्यायालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर: टोकदार कमानी, दगडी नक्षी, गॉथिक थाट. आता मैदानाच्या मधोमध थांबून मागे वळा. मागे आर्ट डेको इमारतींची रांग: गोलावलेले कोपरे, आडव्या पट्ट्या, बोटीच्या डेकसारख्या बाल्कन्या. २०१८ मध्ये युनेस्कोनं या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा मान दिला. एका बाजूला एकोणिसावं शतक, दुसऱ्या बाजूला विसावं आणि मध्ये पोरांचे एका वेळी पाच क्रिकेटचे सामने. राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनहून नकाशे पाठवले. पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि नाव आपल्या आईचं द्यायला लावलं. १८७८ मध्ये काम पुरं झालं. मी पहिल्या वर्षी त्या टॉवरखालून रोज गेले आणि तो फक्त वेळ बघायला वापरला.

काळा घोडा नक्की आहे कुठे?

हा प्रश्न मीही विचारला होता आणि हसं झालं होतं. मूळ काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. तो १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागेला चिकटलं ते चिकटलंच. पन्नासेक वर्षं मुंबईकर नसलेल्या घोड्याच्या खुणेवर एकमेकांना भेटत होते. २०१७ मध्ये तिथे नवा काळा घोडा बसवला, बिनस्वाराचा.

असं कुणीही आत जाऊ शकतं का? कुणी अडवत नाही?

खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे सगळे याचीच पिल्लं.

पहिल्यांदा जहांगीरला गेले तेव्हा मी दारासमोरून तीनदा गेले. पायात वसतिगृहातली चप्पल, खांद्यावर कॉलेजची सॅक. आत दिसणारी माणसं कडक कॉटनच्या साड्यांतली, हळू आवाजात बोलणारी. वाटलं, तिकीट विचारतील, ओळखपत्र विचारतील, किमानपक्षी "काय काम आहे?" असं तरी विचारतील. चौथ्या फेरीला रखवालदारच म्हणाला, "आत जा ना, पंखा आहे." झालं. एवढंच. १९५२ मध्ये सुरू झालेल्या त्या गॅलरीत आजही तिकीट नाही. सर कावसजी जहांगीर यांनी पैसे दिले, आणि त्यांच्यामागे लागणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर होते आणि चक्क होमी भाभा होते. विज्ञान शाखेच्या मुलींनी हे नाव पुढे करून घरी परवानगी काढायला हरकत नाही.

खासगी गॅलऱ्यांची दारं जास्त भीती घालतात, कारण ती बंद असतात. काच, एसी, आत टेबलामागे एकच व्यक्ती. ढकला. बंद दार एसीसाठी असतं, तुमच्यासाठी नसतं. एका गॅलरीत मला एक बाई खोलीभर मागे मागे येत राहिल्या, जणू मी चित्र पिशवीत घालून नेणार. तेव्हा फार लागलं होतं. आता तसं झालं तर मी वळून त्यांनाच विचारते, "हे कशावर काढलंय हो, कॅनव्हास आहे का कागद?" बहुतेक वेळा त्या सांगायला लागतात, आणि छान सांगतात.

चित्रातलं मला काही कळत नाही. मग जाऊन करू काय?

कळायचं नंतर. आधी बघायचं.

माझी पद्धत सांगते, ती कुणी शिकवलेली नाही. आत शिरल्यावर एक चक्कर झपाझप मारते, बाजारात भाव बघत फिरतो तशी. कुठेही थांबत नाही. मग बाहेर येऊन आठवून बघते, कुठलं डोक्यात राहिलं. आवडलेलंच राहतं असं नाही. कधी कधी ज्याचा राग आला तेच राहतं. मग फक्त त्या एकापाशी परत जाते आणि दहा मिनिटं उभी राहते. घड्याळ लावून. पहिली दोन मिनिटं तोंडावरची माशी हलत नाही असा कंटाळा येतो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला काहीतरी सुटं व्हायला लागतं: हा रंग खालून वर आलाय, ही रेघ एका दमात ओढलीय, इथे हात थांबलाय.

वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांसाठी तर हे लागतंच. वहीच्या पानाएवढं चित्र, त्यात राजवाडा, बाग, पाऊस, कोपऱ्यात पान लावणारी दासी. लांबून काहीच नाही. नाक काचेला टेकेल इतकं जवळ गेलं की पावसाची एकेक रेघ वेगळी दिसते. एका दिवसात अख्खं संग्रहालय उरकणाऱ्या मुलींना मी संख्याशास्त्राच्या भाषेत सांगते: नमुना मोठा घेतलात, पण एकही निरीक्षण धड नोंदवलं नाहीत.

आधुनिक चित्रांची भीती वाटत असेल तर आधी माणसं माहीत करून घ्या, मग चित्रं जवळची वाटतात. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. आपल्याला वाटतं, ही सगळी बड्या घरची मंडळी असणार. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवत होते. आरांनी लोकांच्या घरी घरगडी म्हणून कामं केली. सूझांना 'छोडो भारत'च्या धामधुमीत ज. जी. कला महाविद्यालयातून काढून टाकलं होतं. आणि गाडे अमरावती जिल्ह्यातले, विज्ञानाचे पदवीधर! बहुतेक जण बाहेरून आलेले, खोलीच्या भाड्याची विवंचना असलेले. म्हणजे थोडक्यात आपल्यासारखेच, फक्त मेस त्यांच्यापेक्षा आपली बरी असावी.

इंग्रजी कच्चं आहे. तिथे सगळं इंग्रजीतच असतं ना?

बरंचसं असतं, खोटं कशाला सांगू. चित्राशेजारच्या पाट्या तर अशा इंग्रजीत असतात की माझ्या इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणीलाही त्या कळत नाहीत; हे तिनं दुसऱ्या वर्षी कबूल केलं आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. पाटीवरची तीनच माहिती वाचा: नाव, साल, माध्यम. बाकीचा परिच्छेद सोडला तरी चित्र रागावत नाही. चित्रकार तिथेच बसलेला असेल तर मराठीत बोलून बघा. जहांगीरमध्ये प्रदर्शन लावणाऱ्यांत कोल्हापूर, सांगली, नाशिक, औरंगाबादकडचे कितीतरी असतात. एकदा एका चित्रकारानं "कुठली गं तू?" विचारलं, मी सेलू म्हटलं, तर त्यांची बहीण मानवतला दिलेली निघाली. पुढचा अर्धा तास आम्ही चित्राबद्दल कमी आणि पावसाबद्दल जास्त बोललो.

मराठी नाटक बघायचंय. तिकीट कसं काढायचं, काय बघायचं?

शनिवार-रविवारच्या मराठी वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं, ते आधी उघडा. मोबाइलवरही तिकीट मिळतं, पण जाहिरातींचं पान वाचण्यात निराळी मजा आहे: कुठल्या नाट्यगृहात, दुपारी का रात्री, कितवा प्रयोग. आमच्या वसतिगृहात ते पान रविवारी सकाळी सगळ्यात आधी गायब होतं.

दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, प्रभादेवीचं रवींद्र, पार्ल्याचं दीनानाथ, गिरगावातलं साहित्य संघ. प्रत्येकाचा प्रेक्षक वेगळा. शिवाजी मंदिरात हशा आधी मागच्या रांगांतून उठतो आणि मग पुढे येतो, असं माझं निरीक्षण आहे (तीन वर्षांचा विदा म्हणजे डेटा, एकच निरीक्षक, पूर्वग्रह नाकारता येत नाही). बाल्कनीचं तिकीट स्वस्त असतं आणि पहिल्या रांगेत मिळालं तर वरून रंगमंचाची जमीनसुद्धा दिसते, नटांची हालचाल नकाशासारखी कळते. तिसऱ्या घंटेच्या आत बसा. मध्यंतरात बटाटावडा खायचा असेल तर दिवे लागण्याआधी उठण्याचा मोह टाळा. तेवढ्यासाठी अंकाचा शेवट चुकवणारी माणसं मी बघितलीत आणि मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

फोन बंद करा. गप्प नाही, बंद. अंधारात छातीशी धरलेल्या फोनचा निळा उजेड नटाला रंगमंचावरून दिसतो.

जुहूच्या पृथ्वी थिएटरला जाणार असाल तर तिथला नियम आधीच ऐकून ठेवा: उशीर झाला तर आत सोडत नाहीत. दोनशेच्या आसपास खुर्च्या, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, नट हाताच्या अंतरावर. मधेच कुणी शिरलं तर सगळ्यांचाच रसभंग. एका नाट्यगृहाच्या बंद दाराबाहेर मी तिकीट हातात घेऊन उभी राहिलेय. चूक माझी होती, लोकल मला कारण म्हणून पुरली नाही.

आणि फक्त व्यावसायिक नाटकांवर थांबू नका. मुंबईत प्रायोगिक नाटकाची मोठी परंपरा आहे. १९६० मध्ये विजया मेहतांच्या पुढाकारानं 'रंगायन' ही नाट्यसंस्था निघाली. ती फुटल्यावर १९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली. त्यांना नाट्यगृहाचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग व्हायला लागले. बाहेर रहदारीचा आवाज, आत पंख्यांचा, आणि त्यात मराठीतली त्या काळची सगळ्यात धीट नाटकं. 'छबिलदास चळवळ' हे नाव शाळेच्या इमारतीवरून पडलं. आता असे प्रयोग मिनी थिएटरमध्ये, एखाद्या संस्थेच्या खोलीत, कुणाच्या तरी तालमीच्या जागेत होतात. कधी प्रेक्षक वीस असतात. वीसांतले एक असण्याची जबाबदारी वेगळी असते. खोकला आला तरी अपराधी वाटतं.

कॉलेजच्या एकांकिका तर आपल्याच वयाच्या पोरापोरींच्या. २५ जानेवारीच्या रात्री चतुरंग प्रतिष्ठानची 'सवाई एकांकिका' असते, वर्षभर ठिकठिकाणी जिंकलेल्या एकांकिका रात्रभर, एकापाठोपाठ एक. पहाटे बाहेर पडतो तेव्हा रस्त्यावर झेंडावंदनाची तयारी चालू असते आणि आपण मात्र आरोळ्या देऊन आवाज घालवून बसलेले असतो.

शास्त्रीय गाणं ऐकायची इच्छा आहे, पण झोप येते.

मलाही आली. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, सुरू असताना शेजारचे आजोबाही घोरत होते, आणि ते चाळीस वर्षांचे रसिक होते.

एक युक्ती सांगते. राग ओळखायचा नाद सोडा, ताल धरा. तीनताल असेल तर सोळा मात्रा, चार-चारचे चार गट, तिसऱ्या गटाच्या सुरुवातीला 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा. मांडीवर बोटांनी मोजत राहायचं. गायक कुठे कुठे भटकून येतो, तुम्हाला वाटतं आता चुकला, आता तालातून गेला, आणि बरोबर पहिल्या मात्रेवर, समेवर, तबल्यासकट येऊन पडतो. सगळ्या सभागृहाच्या माना एकदम हलतात. ते एकदा पकडलं की झोप उडते. राग नंतर आपोआप कानात बसायला लागतात. मला पहिला यमन कळला तो दहाव्या-अकराव्या मैफलीत.

दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, पार्ल्यातल्या सभा, नरीमन पॉइंटचं एनसीपीए हे कलाकेंद्र, दिवाळी पहाटेचे कार्यक्रम... जागा भरपूर आहेत, काही विनामूल्य असतात. आणि भेंडीबाजार म्हटलं की आपल्याला गर्दी आणि कपडा आठवतो, पण त्या वस्तीच्या नावाचं घराणं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला छज्जू खाँ, नझीर खाँ, खादिम हुसेन खाँ हे भाऊ तिथे राहायला आले आणि भेंडीबाजार घराणं उभं राहिलं. खंडमेरूच्या पद्धतीनं सरगम बांधणं ही त्यांची खासियत. खंडमेरू म्हणजे स्वरांचे क्रमचय, पर्म्युटेशन! हे कळलं त्या दिवशी मी अभ्यासक्रमाच्या पुस्तकाकडे जरा आदरानं बघितलं.

ताई, गावाकडं आपण जे बघितलंय ते इथं कला म्हणून धरतात का?

हे मला जयश्रीनं विचारलं (नाव बदललंय), आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आमच्याकडं लग्नानंतर गोंधळ असतो. रात्री अंगणात चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ वाजायला लागतो, आणि आम्ही पोरं आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत "उदे गं अंबे उदे" ऐकत असतो. तो मला कधी 'कार्यक्रम' वाटला नाही. ते घरचं काम होतं, जेवणावळीसारखं. दुसऱ्या वर्षी दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या सभागृहात लोककलांचा महोत्सव होता. मऊ खुर्च्या, कडक एसी. पडदा वर गेला आणि संबळ वाजला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच क्षणी रागही आला, का ते नीट सांगता येत नाही. शेजारच्या बाई मान डोलावत म्हणाल्या, "काय ऊर्जा आहे!" गोंधळ्यांनी वीस मिनिटांत आटोपलं. आमच्याकडं आख्यान उजाडेपर्यंत चालतं. देवीला बोलावल्यावर तिला वीस मिनिटांत वाटेला लावत नाहीत. पण बाहेर आल्यावर हेही वाटलं की त्या बाई नसत्या, ते सभागृह नसतं, तर मी गोंधळाकडे कधी 'बघितलं' नसतं. संबळाची दोन तोंडं वेगवेगळ्या आवाजाची असतात आणि एका हातात वाकडी काठी असते, हे मला त्या एसीत दिसलं.

तेव्हा जयश्री, हो, धरतात. पण सभागृहात जाण्याआधी आपल्या वसतिगृहाबाहेर बघ. परळ, लालबाग, शिवडी म्हणजे गिरणगाव. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांनी नमन, जाखडी, शक्ती-तुरा, भजनं, शाहिरी सगळं चाळीत आणलं. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ चं. अमर शेख आपल्याकडच्या वाटेवरचेच, बार्शीचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, टॉवर आले, तरी गणपतीत एखाद्या चाळीच्या चौकात रात्री जाखडीचा फेर धरलेला दिसतो. कुणी जाहिरात देत नाही. आवाजाच्या मागानं जायचं.

आणि गणपतीच्या आधी महिनाभर लालबागच्या कारखान्यांसमोरून चाला. मंडपात दहा-पंधरा फुटांच्या मूर्ती दाटीनं उभ्या असतात, सगळ्यांचे डोळे कोरे. आखणी करणारा कारागीर परांचीवर चढतो, श्वास रोखतो आणि बुबुळाची गोलाई एका फटक्यात ओढतो. मी दोन तास रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितलंय. चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहायचं कसं, हे मी तिथंच शिकले असेन.

सिनेमा?

मल्टिप्लेक्सला मी काय सांगणार. पण 'प्रभात चित्र मंडळ' ही १९६८ पासूनची फिल्म सोसायटी आहे, सभासद झालात तर इराणी, कोरियन, जुने बंगाली असं काहीबाही बघायला मिळतं आणि नंतर चर्चाही होते. चर्चेत एक जण हमखास प्रश्नाऐवजी भाषण करतो, त्याची सवय करून घ्या. पेडर रोडवर भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, २०१९ मध्ये उघडलेलं. अर्धा दिवस राखून जा. आणि काळा घोड्यावरची ती मोडकळीला आलेली लोखंडी सांगाड्याची इमारत, एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे पूर्वीचं वॉटसन्स हॉटेल. ७ जुलै १८९६ ला ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं देशात पहिल्यांदा तिथे दाखवली.

घारापुरी, कान्हेरी करावं का?

करावंच. घारापुरीला गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास, सोमवारी लेणी बंद, आणि पावसाळ्यात समुद्रावर भरवसा नाही. तीन मुखांचा तो सदाशिव साधारण साडेपाच मीटर उंच आहे. फोटोत बघून वाटलं होतं बघितलं. समोर गेल्यावर कळलं की फोटोत अंधार येत नाही. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो आणि चेहरे त्याच गतीनं पुढे येतात.

एक धागा जोडून बघा. त्या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीवरून. १८६४ मध्ये तो हत्ती इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना पडून तुकडे झाले, आणि शेवटी १९१४ मध्ये ते जोडून राणीच्या बागेत उभा केला. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारीच. म्हणजे हलवलेला घोडा आणि मोडलेला हत्ती, दोन्ही भायखळ्यात भेटतात. संग्रहालय १८७२ चं, शहरातलं सगळ्यात जुनं. मुंबईतल्या व्यवसायांची, वेशभूषांची मातीची छोटी मॉडेलं तिथे आहेत, ती पेंग्विन बघायला आलेल्या गर्दीला दिसतच नाहीत.

खर्च किती येतो?

तुम्ही समजता त्यापेक्षा कमी, कारण मोठा खर्च प्रवासाचा आणि खाण्याचा. रेल्वेचा विद्यार्थी पास नीट वापरा. माझा प्रभादेवी ते चर्चगेट. मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरता येतं, म्हणजे चर्नी रोडला उतरून गिरगावचा साहित्य संघ फुकटात पोचता येतो, मरीन लाइन्सला उतरून समुद्र. शिवाजी मंदिराला मी परळहून चालत जाते. संग्रहालयांत ओळखपत्र दाखवून सवलत विचारा; न विचारता कुणी देत नाही. पुस्तकांसाठी फ्लोरा फाउंटनचा पदपथ, आणि दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं.

एकटी जाऊ का?

दिवसा चित्रं बघायला एकटीच जा. मैत्रीण बरोबर असली की तिचा वेग धरावा लागतो, आणि तिला भूक लागली की तुमचं बघणं संपतं. रात्रीच्या नाटकाला दोघी-तिघी. प्रयोग साडेअकराला सुटतो, नंतर गाड्या विरळ होत जातात आणि महिलांच्या डब्यात तुरळक बायका उरतात. पोलीस असलेला डबा बघून चढायचं. वसतिगृहाच्या वॉर्डनबाईंकडून उशिराची परवानगी आदल्या दिवशी लेखी. मी तिकीट त्या अर्जाला टाचून देते. सुरुवातीला त्या कपाळाला आठ्या घालायच्या, आता विचारतात, "कसं होतं गं?"

काळा घोडा महोत्सवाला जाऊ?

एकदा जा. १९९९ पासून दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास, नऊ दिवस. शनिवार-रविवारी कलेपेक्षा सेल्फी काढणाऱ्यांच्या पाठी जास्त दिसतात, म्हणून मधल्या वारी, दुपारी. मला विचाराल तर सीएसएमटीजवळच्या सर ज. जी. कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन जास्त आवडतं. १८५७ सालची संस्था, झाडांनी भरलेलं आवार, आणि वर्गावर्गांत विद्यार्थ्यांनी लावलेली कामं. काही फसलेली असतात. आपल्या वयाच्या मुलीचं फसलेलं शिल्प बघितलं की प्रॅक्टिकल बिघडल्याचं दुःख हलकं होतं.

फोटो काढू देतात का?

विचारा. नाटकात कधीच नाही.

अभ्यासाचं काय?

आठवड्याला एक. परीक्षेच्या महिन्यात शून्य. एका सत्रात मी हे पाळलं नाही आणि एक विषय राहिला. तेव्हा यातलं मी अधिकारानं बोलतेय.

घरी काय सांगायचं? बाबा म्हणतात, नाटकं करायला गेलीस का शिकायला?

आमचे बाबा सुतार. तेही हेच म्हणाले होते, शब्दाला शब्द. मी भांडले नाही. गेल्या दिवाळीआधी ते मला न्यायला आले तेव्हा गाडीला पाच तास होते, म्हणून वस्तुसंग्रहालयात नेलं. पितळी देव, ढाली-तलवारी, सगळ्यांपुढून ते लग्नातल्या आहेराच्या रांगेतून चालावं तसे चालले. मग मधल्या दालनात लाकडी कमानी-खांबांची जी चौकट आहे तिथे थांबले. ती नाशिकच्या एका वाड्यातली. जॉर्ज विटेट यांनी इमारत बांधताना ती आत बसवून घेतली. बाबा मान वर करून सांधे बघत राहिले. एका खांबाभोवती फिरले, हात मागे बांधून, कारण हात लावू नये असं मीच सांगितलं होतं. बराच वेळ गेला. "सागवान असावं," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "खिळा दिसत नाही कुठं." गाडीत बसल्यावर त्यांनी मला विचारलं की तो वाडा उतरवताना खुणा कशानं केल्या असतील. मला सांगता आलं नाही.

सोमवारी सुट्टी मिळते. काय उघडं असतं?

एनजीएमए बंद, घारापुरी बंद, पृथ्वी बंद. भाऊ दाजी लाड उघडं, ते बुधवारी बंद असतं. वस्तुसंग्रहालय उघडं. पण माझं ऐकाल तर सोमवारी संध्याकाळी जहांगीरला जा. तिथली प्रदर्शनं साधारणपणे मंगळवार ते सोमवार असतात. सात वाजत आले की चित्रं भिंतीवरून उतरायला लागतात. चित्रकार स्वतःच बुडबुड्यांचं प्लॅस्टिक गुंडाळत असतो, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा, बाहेर टेम्पोवाला हॉर्न देतोय. आठवडाभर पाहुण्यांशी जपून बोललेला तो माणूस त्या वेळी अगदी मोकळा झालेला असतो. एक कोपरा धरायला मदत करा आणि विचारा, यातलं कुठलं विकायचं नव्हतं.